गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच तपासणारं साताऱ्यातलं गॅरेज

क्लचची तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी निकाल ठरलेला असतो: ‘प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ सातारा एमआयडीसीतल्या या गॅरेजात मात्र पान्याला हात लावण्याआधी नीट तपासणी होते. तिथे जायचं ते त्यासाठीच.

पहिला प्रश्न असतो, गाडी ओढत नाही की गिअर पडत नाही? ही दोन उलटी दुखणी आहेत. ओढत नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही. गिअर पडत नसेल, विशेषतः रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर तो पूर्ण सुटत नाही.

धरत नसल्याची शंका असेल तर हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून तिसरा गिअर टाकतात आणि 1500 ते 2000 आरपीएमवर क्लच सोडतात. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. तसंच फिरत राहिलं तर घसरतोय. हे एकदाच करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण दोन-तीनदा केलं तर चांगली प्लेटही तापून जळते. मग यवतेश्वर घाटात एक फेरी. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर आणि वेग तिथल्या तिथे, की शंका उरत नाही. तरीही लगेच प्लेटवर खापर फोडत नाहीत. ऑल्टोसारख्या केबलवाल्या गाडीत पेडलला मोकळा खेळच उरला नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो; तिथे आधी केबल सैल करून बघतात.

खरा हात दिसतो तो हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचवर. पेडल तीन-चारदा भराभर मारल्यावर गिअर सुरळीत पडला, तर दोष बहुधा प्लेटचा नसतो. लाइनमध्ये हवा असते नाहीतर सिलिंडर दाब धरत नसतो. स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) रबरी बूट मागे सारून आत बोट फिरवतात. बोट ओलं आलं तर सिलिंडर बदलायचा. अशा वेळी नुसती हवा काढून गाडी सोडणारे मेकॅनिक पुढची फेरी नक्की करून ठेवतात.

आवाजाचंही तसंच. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये आवाज आहे आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणारा दांडा) बेअरिंग. त्यात नवा क्लच सेट घालून आवाज तसाच राहणार.

उघडावं लागलंच तर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलायला सांगतात. खर्च वाढतो, पण मजुरी तीच असल्याने सल्ला योग्य. फ्लायव्हीलवरचे (प्लेट जिच्यावर टेकते ती इंजिनाची जड चकती) निळे डाग, म्हणजे फार तापल्याच्या खुणा, गिऱ्हाईकाला दाखवतात. ते घासून काढायला लागणारा लेथ मात्र त्यांच्याकडे नाही, त्यामुळे गाडी मुक्कामाला ठेवावी लागते.

खटकणारी गोष्ट एकच: क्रँकचं मागचं ऑइल सील (इंजिनचं तेल क्लचकडे येऊ न देणारं) अंदाजपत्रकात नसतं, गिअरबॉक्स उतरल्यावर फोन येतो. प्लेटवर तेल आलं तर नवा सेटही हिसके देत घसरतो. म्हणून गाडी सोडतानाच ‘सील गळत असेल तर बदला, जुने पार्ट डिकीत ठेवा’ असं जॉबकार्डवर लिहून घ्यावं.