तोंडी, बाँडवर की नोंदणी करून? थ्रेशरच्या पार्टनरशिपचा अनुभव

दोघांत मिळून थ्रेशर, म्हणजे मळणीयंत्र, घ्यायचं पक्कं झालं असेल, तर कोणत्या कंपनीचा हे मी सांगत बसत नाही. व्यवहार तोंडी ठेवायचा, बाँडवर (स्टँप पेपरवर) लिहायचा की फर्म नोंदवायची, एवढंच बोलतो. पहिले दोन प्रकार मी करून पाहिलेत, तिसऱ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. मी आणि माझा वर्गमित्र, अर्धे-अर्धे पैसे. ट्रॅक्टर त्याचा, आरसी त्याच्या नावावर. थ्रेशरचं बिल माझ्या. "आपल्यात कायले लागते कागद?" असं तो म्हणाला आणि मलाही ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो.

तोंडी व्यवहाराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. एका हंगामापुरतं काही भाड्यानं आणायचं, नफा वाटायचा आणि मोकळं व्हायचं, एवढंच असेल तर शब्द पुरतो. कायद्यालाही चालतं, भागीदारी लेखीच हवी अशी सक्ती १९३२ च्या भागीदारी कायद्यात नाही.

आमचं अडलं रात्रीच्या कामावर. पावसाच्या भीतीनं लोक सोयाबीनच्या गंज्या रात्रीच काढायला लावतात. अशा वेळी यंत्राजवळ मालक लागतोच. पोती मोजायची, बेल्ट घसरला की यंत्र थांबवायचं. त्याचं तालुक्याला दुकान, म्हणून उभा राहिलो मी. ३४ रात्री. डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं रेघा मारत गेलो, पाच-पाचच्या जुड्या करून. विषय काढला की तो म्हणे, "पाहून घेऊ ना, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली, हिशेबाला बसलो. मी रात्रीचे ५०० धरले होते. त्यानं पान पाहिलं आणि हसला. "मालकाले मजुरी असते काय बे?"

त्या हसण्यानं मी तालुक्याच्या वकिलाकडे गेलो, बाजू माझीच आहे अशा खात्रीनं. वकीलसाहेबांनी कलम १३ वाचून दाखवलं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला नाही आणि नफा-तोटा सारखा, पैसे कोणी कितीही घातलेले असोत. भांडवलाच्या वर धंद्यासाठी खिशातून पैसे दिले असतील तर त्यावर मात्र वर्षाला ६ टक्के व्याज. म्हणजे बेअरिंगसाठी मी जे पैसे टाकले त्यांना व्याज, आणि जागलेल्या रात्रींना शून्य! आम्ही ज्याला कोरा कागद समजत होतो, त्यावर १९३२ पासूनच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या हंगामाआधी बाँड केला. मित्र चार दिवस फुगून बसला, मग आला. स्टँप किती रुपयांचा हे भांडवलावर ठरतं, ते विचारून घ्या. एक मात्र सांगतो, अर्जनवीसाकडचा (कोर्टाबाहेर कागद लिहून देणाऱ्याकडचा) तयार मसुदा जसाच्या तसा घेऊ नका. आम्हाला दिलेल्या मसुद्यात "उभय भागीदार परस्पर सामंजस्याने ठरवतील" असं तीन ठिकाणी होतं. ते शुद्ध मराठीतलं "पाहून घेऊ"च. तिन्ही वाक्यं खोडायला लावली. त्यांच्या जागी रात्रीचा दर घातला, दुरुस्तीचे पैसे कोण किती देणार ते घातलं, आणि ट्रॅक्टर फर्मचा नाही, फक्त भाड्यानं वापरायचा, हेही. एक जण गेला तर काय, हे लिहिताना तो म्हणाला, "कायले असं अभद्र लिहितं?" पण भागीदार दोनच असले की एकाच्या मरणानं फर्मच मोडते, हे कळल्यावर सही केली.

आता नोंदणी. नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसावर कराराच्या पैशांचा दावा लावता येत नाही, आणि करारातल्या हक्कासाठी भागीदारालाही भागीदारावर लावता येत नाही. हे कलम ६९, आणि आमच्या बाँडची लंगडी बाजू हीच. दाल मिल असेल, कृषी केंद्र असेल, व्यापाऱ्याकडे लाखाची उधारी अडकत असेल, तर नोंदणी करून टाका, तिथे मी वाद घालणार नाही. नोंदणी मागाहूनही होते, फक्त दाव्याच्या आधी झालेली हवी. पण आमची उधारी गावातल्याच शेतकऱ्यांकडे, सोयाबीन विकलं की देतात. त्यांच्यावर दावा लावून गावात कसं राहायचं? शिवाय भागीदार बदलला, पत्ता बदलला की तेही कळवत बसा. म्हणून तूर्त तरी मी बाँडवरच थांबलोय. तुमचा धंदा वेगळा असेल तर माझं ऐकायलाच पाहिजे असं नाही.

डायरी अजून आहे, फक्त आता रेघांसमोर नाव लिहावं लागतं. परवा तूर काढायला निघालो तर मित्र मफलर गुंडाळून दारात उभा. "तू झोप घरी," म्हणे, "आजची रात्र माह्या नावावर मांड."