घडीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर पर्यटनासाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या पावसाळ्याआधी घेतलेली ही खुर्ची अशी आहे: ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागे १२ इंची आणि पुढे ८ इंची भरीव चाकं, प्रत्येकी २५० वॉटच्या दोन मोटरी, २४ व्होल्ट १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, उजव्या हाताशी जॉयस्टिक. बाहेरून रुंदी ५९ सेंमी, बॅटरीसह वजन २७ किलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच सांगाडा बाजारात अनेक नावांनी विकला जातो. रंग, गादी आणि स्टिकर बदलतात, बाकी माल तोच. त्यामुळे पुढचं सगळं या वर्गातल्या बहुतेक खुर्च्यांना लागू पडेल.

दुकानदार वेग, मोटरची ताकद आणि 'एका चार्जमध्ये २० किलोमीटर' हे आकडे पुढे करतो. फिरायला जाण्यासाठी खुर्ची घेत असाल तर या तिन्हींकडे शेवटी बघा. आपल्याकडच्या पर्यटनस्थळांवर खुर्ची चालते त्यापेक्षा उचलली जास्त जाते: गाडीच्या डिकीत, रेल्वेच्या डब्यात, हॉटेलच्या तीन पायऱ्यांवर, देवळाच्या उंबऱ्यावरून. म्हणून पहिला आकडा वजनाचा, दुसरा घडी केल्यावरच्या जाडीचा आणि तिसरा बॅटरीवर छापलेल्या वॉट-अवरचा, म्हणजे तिच्यात किती वीज साठते त्याचा.

वॉट-अवरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. घडीच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी विमानात केबिनमध्ये सोबत न्यावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॉट-अवर आहे. खुर्चीला दोन बॅटऱ्या लागत असतील तर प्रत्येकी १६०. हिशोब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ गुणिले १० म्हणजे २४०, चालते. २४ गुणिले २० म्हणजे ४८०, चालत नाही. आणि लांब पल्ल्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्च्यांत नेमकी हीच असते. खरा घोळ १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीत होतो. २४ ने गुणलं तर २८८, म्हणजे मर्यादेत. पण आत ३.६ व्होल्टचे सात सेल ओळीने असतात, त्यांचा खरा व्होल्टेज २५.२. लेबलवर तो छापला असेल तर गुणाकार ३०२ होतो आणि काउंटरवरचा माणूस लेबलच वाचणार. १० अँपिअर-अवरची घ्या, आणि पल्ला वाढवायचा असेल तर तशीच एक जादा घ्या. एक बसवलेली आणि एक ३०० पर्यंतची जादा, एवढी परवानगी नियमात आहे. विमान कंपनीला मात्र आधी कळवावं लागतं. लेबलवर वॉट-अवर छापलेले नसतील तर विक्रेत्याकडून बॅटरीचं माहितीपत्रक घेऊन छापील प्रत जवळ ठेवा.

विमान कंपनीला ४८ तास आधी चार गोष्टी लेखी कळवायच्या: खुर्चीचं वजन, घडीची मापं, बॅटरी लिथियम आणि काढता येणारी, आणि तिचे वॉट-अवर. स्वतःची खुर्ची सामानाच्या वजनात धरत नाहीत, ती मोफत जाते. विमानाच्या दारापर्यंत आपल्याच खुर्चीतून जायचं आणि उतरल्यावर ती दारातच हवी, हे चेक-इनला स्पष्ट सांगा, नाहीतर ती सामानाच्या पट्ट्यावर येते. देण्याआधी जॉयस्टिक काढून हँडबॅगेत टाका, बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा, चारही बाजूंनी फोटो काढा. काही मोडलं असेल तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. घरी येऊन केलेली तक्रार पुढे नेणं फार अवघड जातं.

पल्ल्याचं खरं उत्तर: सपाट डांबरी रस्त्यावर ७५ किलोच्या माणसासह ८ ते ९ किलोमीटर. पेव्हर ब्लॉक, चढ आणि सतत थांबणं-निघणं असेल तर ६ धरून चाला. एखादं स्थळ बघायला तेवढं पुरतं.

गाडीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. मुंबई-पुण्यात ॲपवरून बोलावलेली बरीच सेडान टॅक्सी सीएनजीवर असते आणि डिकीत टाकी असते, खुर्ची बसत नाही. तीन रांगांची गाडी मागवून शेवटची रांग पाडून घ्या, आणि आधी फोनवर विचारा की मागे टाकी आहे का. घडी केलेली खुर्ची ३६ सेंमी जाड आहे. २७ किलो एकट्याने डिकीत चढवणं कंबरेला परवडत नाही. बॅटरी, गादी आणि फूटरेस्ट आधी वेगळे केले की सांगाडा २२-२३ किलोंवर येतो, तो दोघांत सहज जातो.

रेल्वेत ही खुर्ची त्रासदायकच आहे. दिव्यांगांसाठीचा डबा गाडीच्या टोकाला असतो, त्याचं दार रुंद असतं आणि बसूनच आत जाता येतं, पण फलाट खाली असेल तर मधली उंची रॅम्पशिवाय पार होत नाही. मोठ्या स्थानकांवर हलवता येणारा रॅम्प असतो; गाडी येण्याच्या निदान अर्धा तास आधी स्टेशन मास्तरांना सांगावं लागतं. एसी थ्री-टियरमध्ये खुर्ची बर्थच्या वाटेतून जात नाही आणि घडी बर्थखाली मावत नाही. ती दाराजवळ बेसिनच्या बाजूला उभी करून सायकलच्या कुलपाने बांधावी लागते, बॅटरी आपल्या उशाशी. भाड्यातली सवलत मात्र चांगली आहे: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिदिव्यांग प्रवाशाला स्लीपर आणि एसी थ्री-टियरला ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीला ५० टक्के, आणि सोबत्यालाही तितकीच. ऑनलाइन तिकिटासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र लागतं, ते प्रवास ठरण्याआधीच काढून ठेवा.

मेट्रोत ती अगदी घरच्यासारखी चालते. मुंबईची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट हा सगळा जुना फोर्ट भाग त्यामुळे आवाक्यात आला. अडचण वर आल्यावर सुरू होते. पदपथाच्या तोंडाशी गाड्या रोखायला लावलेल्या खुंट्यांमधून कित्येक ठिकाणी ५९ सेंमीची खुर्चीही जात नाही. या खुंट्यांची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. काही काढल्या गेल्या, सगळ्या नाहीत. पुढच्या चाकांना दुसरा धोका गटारावरच्या जाळीचा: सळया जाण्याच्या दिशेला समांतर असतील तर चाक अडकून माणूस पुढे फेकला जातो. जाळी नेहमी तिरकी ओलांडा.

आता लेणी. वेरूळ या खुर्चीसाठी महाराष्ट्रातलं सगळ्यात समाधानाचं ठिकाण. मंगळवारी बंद असतं. कैलास लेणं, म्हणजे क्रमांक १६, प्रवेशद्वारासमोरच आहे आणि त्याचं अंगण जमिनीच्या पातळीवर. दाराशी दगडी उंबरा आहे, तिथे दोन माणसं किंवा छोटा रॅम्प लागतो. आत गेल्यावर दोन्ही ध्वजस्तंभ, जोत्यावरची हत्तींची रांग, मंडपाच्या दोन बाजूंचे रामायण-महाभारताचे पट आणि दक्षिणेकडचं कैलास हलवणाऱ्या रावणाचं शिल्प, हे सगळं बसल्या जागेवरून नीट दिसतं. हत्ती तर बसलेल्या माणसाच्या नजरेला जास्त भव्य वाटतात. वरचा गाभारा पायऱ्यांवर आहे. क्रमांक १५ साठी बराच जिना आहे, तो सोडा. जैन लेणी उत्तरेला दीड-दोन किलोमीटरवर आहेत. बॅटरी तिथे खर्चू नका, वाहनाने जा. अंगणातली जमीन खडबडीत आहे आणि भरीव चाकं प्रत्येक खळगा मणक्यापर्यंत पोहोचवतात. ज्यांच्या पायांत आकडी येते त्यांनी वेग सगळ्यात कमी ठेवून पाय पट्ट्याने फूटरेस्टला बांधावेत.

अजिंठ्याला ही खुर्ची नेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सोमवारी बंद. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्याशी थांबते, पुढे चार किलोमीटर बस, मग पायऱ्या, आणि लेण्यांच्या कड्यावरही जागोजाग पायऱ्या. तिथे डोली हाच मार्ग. डोली म्हणजे दांड्यांना बांधलेली साधी खुर्ची, चार जण उचलतात. धडाचा तोल नसलेल्या व्यक्तीला त्यात आधार काहीच नसतो. म्हणून घरून दोन वस्तू न्या: छातीभोवती बांधायचा रुंद पट्टा आणि आपली रोजची गादी, ती डोलीच्या बैठकीवर ठेवायची. पैसे जाऊन-येऊन, कोणत्या लेण्यात किती वेळ थांबायचं यासह आधी ठरवा. लेण्याच्या दारात उतरवून आत उचलून नेणार का, हेही विचारा. अशा ठिकाणी १०-१२ किलोची हाताने ढकलायची छोट्या चाकांची खुर्ची जास्त उपयोगी पडते. घारापुरीलाही तेच: गेटवेच्या बोटीत चढणं आणि पुढच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. रायगडाला रोपवे १९९६ पासून आहे, पण वर उतरल्यावर पुन्हा पायऱ्या आणि उंचसखल दगड.

समुद्रकिनाऱ्यावर १२ इंची अरुंद चाक कोरड्या वाळूत लगेच रुततं. ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट पट्ट्यावर चालतं, तेही थांबलं तर खचतं. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटरची लाकडी वाट झाली. डिसेंबरातल्या वादळाने ती मोडली आणि नंतर दुरुस्त झाली. कोकणात आणि गोव्यात प्रत्येक गजबजलेल्या किनाऱ्यावर अशी वाट व्हावी, हे मनापासून वाटतं. खाऱ्या वाळूतून आल्यावर त्याच रात्री चाकं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. पाइप मारू नका, वाळू बेअरिंगमध्ये जाते.

रॅम्पचं गणित पाठ हवं. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतार १:१२ हवा. म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी, तीन पायऱ्यांना साडेपाच मीटर. आम्ही ९० सेंमीचा घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प नेतो. एका पायरीला तो १:६ पडतो, मागे माणूस उभा असेल तरच वापरायचा. देवळांत आणि हॉटेलांत सिमेंटचा गोळा थापून केलेले उतार १:५ सुद्धा असतात. तिथे सरळ चढायचं, तिरकं कधीच नाही, आणि अंग पुढे झुकवायचं. मागची दोन छोटी चाकं उलटण्यापासून वाचवतात, पण उताराच्या पायथ्याशी, जिथे तो सपाट जमिनीला मिळतो, तिथे तीच टेकतात आणि मोटरची चाकं हवेत फिरतात. घाबरायचं नाही, मागून हलका धक्का पुरतो.

धोक्याची गोष्ट एकच, पण ती प्रत्येक मदतनिसाला सांगा. खुर्चीचा ब्रेक मोटरमध्ये आहे. मागचे दोन लिव्हर न्यूट्रलला केले की खुर्ची हाताने ढकलता येते, आणि ब्रेक शून्य होतो. उतारावर, फलाटावर, बोटीच्या धक्क्यावर न्यूट्रल करायचंच नाही. माणूस बसलेला असताना लिव्हरला हात लावायचा नाही. तसंच, माणसासह खुर्ची उचलायची नाही: दोन्ही मिळून शंभर किलोंच्या वर जातात आणि मदतीला धावलेला माणूस हमखास हातांच्या दांड्या पकडतो, त्या वर उचलणाऱ्या असल्याने निसटतात. 'दादा, खालच्या पाइपला धरा' हे आधीच म्हणायचं. माणूस वेगळा, खुर्ची वेगळी.

सोबत आलेली फोमची गादी दोन महिन्यांत बसली. संवेदना नसलेल्या व्यक्तीने तिच्यावर प्रवास करू नये, हवेची किंवा जेलची गादी वेगळी घ्यावीच. दर १५-२० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार काढायचा, गाडीतसुद्धा. हवेची गादी असेल तर विमानात आणि घाट चढल्यावर हवा तपासा, ती फुगून कडक होते.

हॉटेल ठरवताना 'व्हीलचेअरची सोय आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं. बाथरूमच्या दारात टेप लावून फोटो पाठवायला सांगा. मोकळी रुंदी ६२ सेंमीच्या खाली असेल तर ही खुर्ची आत जात नाही.

वापरात काय बिघडलं? घडीच्या सांध्याचे स्क्रू ढिले झाले, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावल्यावर थांबले. जॉयस्टिकची वायर घडीत चिमटून वरचं आवरण कापलं गेलं. आता ती वेलक्रोने हाताच्या दांडीला बांधलेली असते. पावसात जॉयस्टिकवर अंघोळीची प्लॅस्टिक टोपी चढवायची. ओल गेली की खुर्ची बीप करून जागच्या जागी थांबते, आणि वाळेपर्यंत चार्जिंग करायचं नाही. बॅटरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका, महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून ठेवा.

किंमत या वर्गात साधारण ६५ हजार ते सव्वा लाख. व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के आहे, बिल तपासा. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन सुटे भाग दाखवून घ्या: जॉयस्टिक, चार्जर आणि पुढचं चाक. हे तीन त्याच्या कपाटात नसतील तर दुसरं दुकान बघा, कारण यातला एक बंद पडला की भाग येईपर्यंत खुर्ची घरातच उभी राहते.