बँकॉकमध्ये कुणी ‘राजवाडा आज बंद आहे’ म्हणालं, तर

जानेवारी 2024. बँकॉकमधला आमचा दुसरा दिवस. मी, आमचे हे आणि माझ्या मोठ्या वन्सं असे तिघं राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, बघायला नदीवरच्या बोटीने ता चांग धक्क्यावर उतरलो. सकाळचे नऊ वाजून गेले होते. नारिंगी झेंड्याची बोट, माणशी 16 बाट तिकीट. बोटीत भिक्खूंसाठी वेगळी जागा राखलेली, आणि गर्दी असूनही तिथे कुणी घुसत नव्हतं. वन्संना बघून कॉलेजातली एक मुलगी लगेच उठली आणि हात जोडून तिने आपली जागा दिली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्याला आमची त्या देशाबद्दलची ही भावनाच कारण झाली. दीड दिवसात आम्हाला तिथे एकही वाईट माणूस भेटला नव्हता.

आदल्या संध्याकाळी वन्संचा गुरुवार होता. रस्त्यावरच्या एका गाडीवर पिवळ्या कापडावर लाल अक्षर दिसलं. ती ‘जे’ची खूण, म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेलं जेवण. आम्हाला भाषा येत नाही हे पाहून गाडीवरच्या बाईंनी एकेक बाटली उचलून दाखवली, माशाचं पाणी बाजूला ठेवलं, सोयाची बाटली पुढे केली. हिशोबात ह्यांच्याकडून चुकून एक नोट जास्त गेली, ती त्यांनी मागे धावत येऊन दिली. असा तो देश.

धक्क्यावरून राजवाड्याच्या पांढऱ्या तटाच्या कडेने चालत होतो. मुख्य दरवाजा दोन-तीनशे पावलांवर असेल. तेवढ्यात पन्नाशीचा एक गृहस्थ समोर आला. इस्त्रीचा फिकट शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात छत्री. त्याने थांबून नमस्कार केला, वन्संना जरा जास्त वाकून. कुठून आलात, असं विचारलं. इंडिया म्हटल्यावर म्हणाला, मी इथे समोरच विद्यापीठात शिकवतो. मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवते. शिक्षक म्हटल्यावर माझ्या मनाचं दार आपोआप उघडलं.

मग तो हळूच म्हणाला, “राजवाडा आत्ता बंद आहे. आज बुद्धाचा दिवस. भिक्खूंची प्रार्थना चालू आहे. पाहुण्यांना एक वाजल्यानंतर सोडतील.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माणूस बदलेल, शर्ट बदलेल, कारण बदलेल. कधी प्रार्थना, कधी राजघराण्यातला समारंभ, कधी साफसफाई. पण ‘बंद आहे’ हे शब्द तेच असतात. बँकॉकचा हा राजवाडा रोज सकाळी 8:30 ला उघडतो आणि दुपारी 3:30 पर्यंत तिकीट मिळतं. परदेशी माणसाला 500 बाट. क्वचित राजसमारंभासाठी बंद ठेवतात, पण ते आधी जाहीर होतं, रस्त्यावरच्या माणसाने येऊन सांगावं लागत नाही. बौद्धांचा पवित्र दिवस महिन्यात चारदा येतो, हे खरं आहे. त्या दिवशी देवळं बंद होत नाहीत, उलट लोक आवर्जून जातात. आपल्याकडे एकादशीला पंढरपूरचं देऊळ बंद असतं का? एवढा साधा विचार आम्हा तिघांपैकी एकालाही त्या क्षणी सुचला नाही.

त्याने खिशातून नकाशा काढला आणि पेनाने तीन गोल केले. एक, 32 मीटर उंच उभा बुद्ध. दोन, ‘भाग्याचा बुद्ध’, म्हणे वर्षातून मोजके दिवसच उघडतो. तीन, ‘सरकारी निर्यात केंद्र’, जिथे आज करमाफीचा शेवटचा दिवस. दुकान, खरेदी हे शब्द त्याच्या तोंडी आलेच नाहीत. शेवटी म्हणाला, पांढऱ्या पाटीची टुकटुक सरकारी असते, ती घ्या, बाकीचे लुटतील. तेवढ्यात एक टुकटुक आलीच. तिघांचे मिळून 40 बाट, दोन तास फिरवणार. बँकॉकच्या त्या भागात दोन तासांचे 40 बाट म्हणजे तेव्हाचे आपले शंभर रुपयेसुद्धा नाहीत. सरकारी टुकटुक असा प्रकारच नसतो. गिऱ्हाईक दुकानात नेलं की चालकाला पेट्रोलची कुपनं किंवा दलाली मिळते, त्यावर हे भाडं परवडतं. भाडं अशक्य वाटावं इतकं कमी असेल, तर बाकीचे पैसे कोण देणार आहे, हे त्याच वेळी विचारायला हवं.

उभा बुद्ध खरोखर सुंदर होता. पहिलं ठिकाण खरं निघालं, त्यामुळे दुसऱ्यावर विश्वास बसला.

दुसरं देऊळ गल्लीत होतं, लहान, शांत. आत एकच माणूस बसला होता, मांडी घालून, पाय मूर्तीपासून वळवून, तिथल्या रीतीप्रमाणे. बराच वेळ तो आमच्याशी बोललाच नाही. मग ह्यांना त्याने जन्मवार विचारला. हे म्हणाले, शनिवार. तो उठून आम्हाला एका मूर्तीपाशी घेऊन गेला. बुद्ध बसलेले, मागे सात फण्यांचा नाग छत्र धरून. थाई देवळांतून प्रत्येक वाराची वेगळी बुद्धमूर्ती असते आणि शनिवारची ही नागाची. हे पूर्ण खरं आहे. नंतर मी इतर देवळांतही पाहिलं. तो म्हणाला, तुमच्याकडेही शनिवारचा ग्रह कडक मानतात ना? त्याला निळा खडा लागतो ना?

ह्यांची रास कुंभ. साडेसाती चालू. त्या आधीच्या वर्षात ह्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. सातासमुद्रापलीकडे, देवाच्या पुढ्यात बसलेला एक अनोळखी माणूस आपणहून नीलमाबद्दल बोलतो, तेव्हा मनाचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. वन्संनी तिथेच हात जोडले. मग तो ओघात म्हणाला, माझ्या भावाने शिक्षणाचा खर्च असाच काढला. इथल्या निर्यात केंद्रातून खडे नेले, लंडनमध्ये दुपटीने विकले. आज शेवटचा दिवस आहे, तुम्हाला माहीत असेलच.

रस्त्यावरच्या माणसाने सांगितलं ते देवळातल्या माणसाने न विचारता सांगितलं. दोन अनोळखी माणसांचं म्हणणं जुळलं की आपण त्याला पुरावा समजतो. ते दोघं एकाच टोळीतले असतील हे डोक्यातच येत नाही. टुकटुकवाल्यानेही वाटेत तेच सांगितलं, म्हणजे साक्षीदार तीन झाले.

ते ‘निर्यात केंद्र’ म्हणजे एक दुकानच होतं, त्याबद्दल थोडक्यात सांगते. गार हवा, थंड पाणी, पायऱ्यांवर बूट काढून ठेवलेले, भिंतीवर राजाची तसबीर. बायका इतक्या मऊ बोलत होत्या की भाव करायलाही संकोच वाटला. थायलंड रत्नांसाठी खरोखर प्रसिद्ध आहे. चंथाबुरीचा रत्नबाजार जगभर माहीत आहे, त्यामुळे ‘इथे स्वस्त मिळतं’ हे पटायला वेळ लागत नाही. ह्यांच्यासाठी तीन कॅरेटचा एक नीलम आणि लेकीच्या कुड्यांसाठी एकेक कॅरेटचे दोन घेतले. 46,000 बाट, कार्डावर. बँकेचं शुल्क धरून एक लाख बारा हजार रुपये गेले.

पैसे दिल्यावर त्यांनी सुचवलं, कस्टमची कटकट कशाला, आम्ही विमा उतरवून पार्सल थेट तुमच्या घरी पाठवतो. आमच्यासमोर पुडी बांधली, लाख लावली. आम्हाला ती सोय वाटली. प्रत्यक्षात त्या क्षणी खडे आमच्या हातातून गेले. थायलंडमध्ये असेपर्यंत ते आम्ही कुणाला दाखवू शकत नव्हतो, परतही करू शकत नव्हतो. बँकॉकमध्येच सीलोम भागात जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट ऑफ थायलंड ही संस्था आहे, तिथे पैसे भरून खडा तपासून मिळतो. खडे हातात असते तर दुसऱ्या दिवशीच कळलं असतं.

बाहेर आलो तर टुकटुकवाला गेलेला. त्याने 40 बाटसुद्धा घेतले नव्हते. तेव्हा मला पहिल्यांदा पोटात गोळा आला, पण मी बोलले नाही. हेही बोलले नाहीत.

रात्री हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, राजवाडा कसा वाटला? मी म्हटलं, बंद होता. तिचा चेहरा उतरला. ‘फसलात’ असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, तो रोज उघडा असतो.” मग तिनेच 1155 ला फोन लावला. हा पर्यटक पोलिसांचा नंबर, चोवीस तास चालतो, इंग्रजीत बोलता येतं. हा नंबर विमानतळावर उतरल्याबरोबर फोनमध्ये घालून ठेवा. सकाळी बिल आणि कार्डाची पावती घेऊन गेलो. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, दुकानात फोन केला. दुकानदार अतिशय नम्र. माल पोस्टात गेला आहे, तो परत आला की बघू. अधिकारी म्हणाला, खडे सोबत असते तर इथल्या इथे काही करता आलं असतं.

त्या दिवशी आम्ही राजवाड्यात गेलो. वन्सं नको म्हणत होत्या, मी हट्ट धरला. दरवाजाशीच फलक होता, राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. आम्ही आदल्या दिवशी आणखी दोन-तीनशे पावलं चाललो असतो तर तो वाचला असता. आत भिंतींवर रामायणाची 178 चित्रं आहेत. हनुमान, सेतू, दशकंठ रावण. वन्सं प्रत्येक चित्रापाशी थांबून मला प्रसंग सांगत होत्या आणि मधेच डोळे पुसत होत्या. पाचूचा बुद्ध, म्हणजे आवारातल्या देवळातली मुख्य मूर्ती, हिवाळ्याच्या सोनेरी वस्त्रात होता. राजा वर्षातून तीनदा स्वतः ती वस्त्रं बदलतो. मूर्तीला नाव पाचूचं असलं तरी ती दुसऱ्या हिरव्या दगडाची आहे, आणि ते तिथे कुणी लपवत नाही.

पार्सल तीन आठवड्यांनी आलं. म्हणजे दुकान पळालं नाही, खडे बदललेही नाहीत. सांगलीतल्या ओळखीच्या सराफांनी भिंग लावलं आणि आम्हाला मुंबईला तपासणीला पाठवायला सांगितलं. अहवाल आला: तिन्ही नैसर्गिक नीलम, रंग खुलवायला तापवलेले, तरी काळपट, हलक्या प्रतीचे. सगळे मिळून फार तर बारा हजारांचे. बँकेकडे तक्रार केली. बँकेने बिल मागितलं. बिलावर लिहिलं होतं ‘नैसर्गिक नीलम’, वजन बरोबर, खाली ह्यांची सही. वस्तू मिळाली, वर्णनाप्रमाणे मिळाली, तक्रार फेटाळली. दुकानाला तीन ईमेल केले. एकाला उत्तर आलं, 40 टक्के कापून देऊ, पण खडे घेऊन स्वतः या.

इथे फसवणूक खड्यात नसतेच. खडा खरा, बिल खरं, सही खरी. खोटं असतं ते खड्याच्या आधी सांगितलेलं सगळं: बंद दरवाजा, करमाफी, सरकारी केंद्र, भाऊ, लंडन. आणि ते कशावरही लिहिलेलं नसतं. म्हणून नंतर कुठल्याच खिडकीवर दाद मागता येत नाही. जे काही करायचं ते पैसे देण्याआधी, आणि शक्यतो त्या तटाच्या कडेलाच. थांबू नका. हात जोडा, ‘माइ आव’ म्हणा, म्हणजे नको, आणि तिकीट खिडकी दिसेपर्यंत चालत राहा. सनाम चाय या भुयारी मेट्रो स्थानकावरूनही पायी जाता येतं. रस्ता विचारायचा तर तुम्ही जाऊन विचारा, दुकानदाराला, पोलिसाला, शाळकरी मुलांना. आम्ही अकरा दिवसांत असंख्य लोकांना विचारलं, एकानेही चुकीचं सांगितलं नाही. आम्हाला बुडवणारे तिघंही आपणहून आले किंवा वाटेत बसवून ठेवलेले होते. थाई माणूस तसा भिडस्त. अनोळखी पाहुण्याच्या वाटेत येऊन त्याचा दिवसाचा बेत बदलणं त्याच्या स्वभावात बसत नाही.

पट्टायात जेट-स्कीवाले जुन्या ओरखड्यांचे पैसे मागतात, तेव्हा आधी फोटो काढा आणि पासपोर्ट तारण ठेवू नका. पण ती भांडणं उघड असतात. ह्यात भांडण होतच नाही, म्हणून जास्त जपा.

गेलं वर्षभर आम्ही हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिरांनाही नाही, लेकीलाही नाही. कुड्या आम्ही इथूनच केल्या. मागच्या महिन्यात शाळेतल्या एका बाईंनी नवऱ्याबरोबर बँकॉकला जायचं ठरवलं आणि मला विचारलं, काय काय बघितलंत? मी राजवाड्याचं, चित्रांचं सगळं सांगितलं आणि हेच सांगितलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून सगळं सांगितलं आणि मग लिहायला बसले.

लिहून झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, छत्रीचं नुसतं नाव घेतलंस, ते नीट लिही. त्या सकाळी ऊन फार होतं. तो माणूस आमच्याशी बोलला ती दहा मिनिटं त्याने आपली छत्री ताईंच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः उन्हात उभा होता.