भूकंपाचे संकेत सांगणारं ॲप: तीन महिने पैसे भरले, काल काढून टाकलं (5 पैकी 1 स्टार)

आम्ही नांदेडला राहतो. 10 जुलै 2024 ला सकाळी हिंगोलीकडून 4.5 चा धक्का आला तेव्हा आई दूध तापवत होती, मांडणीवरचे पेले वाजायला लागले तशी ती गॅस चालूच ठेवून अनवाणी अंगणात. तिचं माहेर किल्लारीजवळचं, 1993 ला ती तिथंच होती. तिच्या जिवाला धीर म्हणून हे ॲप घेतलं, महिन्याला 149 रुपये. नाव लिहीत नाही, असली बरीच आहेत आणि दावा सगळ्यांचा तोच: प्राणी, विहिरीचं पाणी, ढग यावरून भूकंप आधीच कळतो.

मराठीत आहे, वापरायला सोपं आहे, ते मान्य. कुत्री रडतायत, मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात, बोअरला गढूळ पाणी आलंय असं कोणीही टाकायचं आणि ॲप त्यावरून धोक्याचे टक्के काढतं. पण पावसाळ्यात मुंग्या निघतातच, बोअर गढूळ होतेच, कुत्री तर आमच्या गल्लीत रोज रडतात. एकदा रात्री दोनला फोन वाजला, लाल स्क्रीन, धोका 78 टक्के. आई गोधडी आणि बीपीच्या गोळ्या घेऊन उजाडेपर्यंत अंगणात बसली, मी शेजारी. काहीच झालं नाही. असं चार वेळा. कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही.

ॲपमध्ये चीनच्या हायचेंगची गोष्ट मोठी करून दिलीय, 4 फेब्रुवारी 1975, ऐन थंडीत साप बिळातून बाहेर आले, लोकांना आधी घराबाहेर काढलं आणि हजारो जीव वाचले. खरी आहे ती. पण तिथं आधी लहान लहान धक्क्यांची रांग लागली होती आणि लोकांना बाहेर काढायला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला, हे कुठंच लिहिलेलं नाही. पुढच्याच वर्षी तांगशानला असा इशारा कोणी देऊ शकलं नाही आणि सरकारी आकड्यानुसार 2 लाख 42 हजार माणसं गेली, त्याचा तर उल्लेखही नाही. जपानात खोल पाण्यातला लांबलचक मासा किनाऱ्याला आला की भूकंप येतो म्हणतात, तिथल्याच संशोधकांनी जुन्या 336 नोंदी तपासल्या तर फक्त एक जुळली. इटलीत लाक्विलाच्या 2009 च्या भूकंपाआधी पाच दिवस बेडूक तळं सोडून गेले होते ही नोंद मात्र खरंच विचार करायला लावते, पण एका तळ्यावरून माझ्या आईला टक्के कसे सांगता?

किल्लारीला पण खुणा होत्याच. 1992 च्या ऑक्टोबरात धक्के बसले होते, जमिनीतून गडगड आवाज यायचा, आई सांगते की लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग काही होत नाही बघून परत माळवदाखाली गेले. 30 सप्टेंबरला पहाटे 3:56 ला, गणपती बुडवून दमून झोपलेली माणसं, वरून माळवदाची माती आणि बाजूनं दगडी भिंती. जवळपास दहा हजार गेले. जीव घेतला तो त्या घरांनी.

जनावरं काही सेकंद आधी बिथरतात त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, भूकंपाची पहिली लाट वेगानं येते पण हलकी असते, ती आपल्याला कळत नाही, त्यांना कळते. अँड्रॉइड फोनमधला फुकटचा भूकंप अलर्ट याच पहिल्या लाटेवर चालतो, भारतात 2023 पासून आहे, सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीत चालू करा. केंद्राजवळ असाल तर वेळ मिळणार नाही, लांब असाल तर काही सेकंद मिळतात, टेबलाखाली जायला तेवढे पुरतात. मी आईच्या फोनवर तो चालू केला आणि फडताळ भिंतीला स्क्रूनं पक्कं केलं, त्याला 149 पण लागले नाहीत.

आई अजून रात्री चपला दाराकडं तोंड करून ठेवते. ठेवू दे.