'जैविक वय' सांगणारा घरपोच संच: शास्त्र पक्के, अहवाल कच्चा

रक्ताच्या थेंबावरून शरीराचे 'खरे वय' सांगणाऱ्या चाचण्या आता घरबसल्या मागवता येतात. त्यांपैकी एका सेवेचा अनुभव इथे मांडत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीपुरता नाही.

नमुना घेण्याची व्यवस्था चोख होती. खोक्यात बोटाला टोचायच्या सुया, रक्त टिपून घेणारे गोल छापलेले जाड कागदाचे कार्ड, ते कोरडे ठेवणारी पुडी आणि परतीचे पाकीट असे सगळे होते, सूचना चित्रांसह होत्या आणि अहवालही सांगितलेल्या मुदतीत आला. त्याच्या पहिल्याच पानावर हिरव्यापासून लाल रंगापर्यंत जाणारी अर्धवर्तुळाकार तबकडी, तिच्यावर काटा आणि खाली ठळक अक्षरांत एका दशांश स्थळापर्यंतचे वय. ते माझ्या वयापेक्षा तीनेक वर्षांनी कमी निघाले आणि बरे वाटले. तरीही त्या दशांश चिन्हावर माझा आक्षेप आहे.

या चाचणीमागचे शास्त्र भक्कम आहे. डीएनएच्या साखळीवर ठरावीक जागी मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटलेले असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते. संशोधक स्टीव्ह होरवाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून, रक्तापासून मेंदूपर्यंतच्या ऊतींमधून वयाचा अंदाज बांधून दाखवला आणि त्यातील मध्यक चूक ३.६ वर्षे होती, म्हणजे निम्म्या नमुन्यांत चूक याहून कमी आणि निम्म्यांत जास्त. पुढे केवळ जन्मवय न ओळखता आजारपणाचा आणि मृत्यूचा धोका जोखणारी 'फेनोएज' आणि 'ग्रिमएज' ही घड्याळे (मिथाइल गटांवरून हिशेब करणाऱ्या अशा सूत्रांना हेच नाव आहे) आली. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार जणांचा आयुष्यभर मागोवा घेऊन म्हातारपणाचा वेग मोजणारे 'ड्युनेडिनपेस' त्याच अभ्यासातून तयार झाले. हजारो माणसांच्या गटांची तुलना करायची असेल, तर ही साधने खरोखर मोलाची आहेत.

एका माणसाच्या एका नमुन्याची गोष्ट वेगळी आहे. एकाच रक्ताचा नमुना दोनदा तपासला, तर काही प्रचलित घड्याळांची उत्तरे नऊ वर्षांपर्यंत वेगळी येऊ शकतात, हे २०२२ मध्ये संशोधकांनीच दाखवून दिले आणि ही तफावत बरीच कमी करणारी गणिती पद्धतही सुचवली. माझ्या अहवालात कोणते घड्याळ वापरले आणि ही सुधारित पद्धत वापरली की नाही, याचा उल्लेखच नव्हता. विचारणा केल्यावर नम्र भाषेत उत्तर आले, की ती माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते. ज्या आकड्याची चूक किती हे सांगितले जात नाही, त्यावरून वैद्यकीय निर्णय कसा घ्यायचा?

शिवाय हे वय स्थिरही नसते. मोठी शस्त्रक्रिया, गरोदरपण, गंभीर कोविड अशा ताणात ते वाढते आणि ताण ओसरल्यावर पुन्हा खाली येऊ शकते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आजारातून उठल्या उठल्या चाचणी करू नये, एवढी एक ओळ तरी सूचनापत्रात हवी होती.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. ही घड्याळे मुख्यत्वे पाश्चात्त्य लोकसमूहांच्या माहितीवर बेतलेली आहेत. भारतीय शरीराची ठेवण निराळी असते, बाळ वजनाने कमी असूनही त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या चिकाटीने दाखवले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने भारतीयांच्या वार्धक्याची मोजमापे ठरवण्यासाठी 'भारत' नावाचा अभ्यास हाती घेतला, तो याच गरजेपोटी. माझी तुलना कोणत्या लोकसमूहाशी केली, हे अहवालात कुठेही नाही.

सर्वांत खटकले ते शेवटचे पान. तिथे 'वय उलटवणाऱ्या' गोळ्यांची वर्गणी आणि काही महिन्यांनी फेरचाचणीचा सल्ला होता. अमेरिकेतील 'कॅलरी' प्रयोगात निरोगी माणसांनी दोन वर्षे सरासरी बारा टक्के उष्मांक कमी घेतले. तेव्हा 'ड्युनेडिनपेस'चा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावला, पण 'फेनोएज' आणि 'ग्रिमएज' जागचे हलले नाहीत. दोन वर्षांच्या शिस्तीचा परिणाम इतका बेताचा असेल, तर गोळ्या घेऊन काही महिन्यांत आकडा खाली आला म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही. तो बदल निव्वळ मोजणीतल्या चुकीचाही असू शकतो.

ज्यांना कुतूहल आहे आणि खर्च परवडतो, त्यांनी चाचणी जरूर करावी, मात्र आधी घड्याळाचे नाव आणि चुकीची मर्यादा लेखी मागून घ्यावी. इतरांसाठी स्वस्त वाट उपलब्ध आहे. संशोधक मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले एक सूत्र जन्मवयाच्या जोडीला रक्ताच्या फक्त नऊ मापांवर चालते: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन), अल्कलाइन फॉस्फटेज, पांढऱ्या पेशींची संख्या, त्यांतील लिम्फोसाइटचे प्रमाण, तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान आणि त्या आकारातील तफावत. यांतील बहुतेक मापे नेहमीच्या रक्ततपासणीत मिळतात, आणि साखर किंवा सीआरपी वाढलेले दिसले तर पुढे काय करायचे, हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना नेमके सांगता येते.