कट्टा की हातांचा बाक?

शेजारीण म्हणाली, तिच्या आईचे गुडघे बदललेत; आई ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी बसते, पण तिला उठवत नाही. आता सोसायटीच्या बागेत ग्रॅनाइटचा कट्टा बांधावा की पाठ-हातांचा बाक घ्यावा?

कट्टा ठाण्याच्या पावसात वर्षानुवर्षं टिकतो, देखभाल जवळजवळ शून्य. पण उठताना धरायला काही नाही. शिवाय खालून भरीव, त्यामुळे पाय मागे घेता येत नाहीत, आणि उठायला नेमकं तेच लागतं.

लोखंडी बाक गंजतो, रंगाचा खर्च येत राहतो. तो मी आनंदाने सोसेन. बैठक साधारण ४५ सेंमी उंच, दोन्हीकडे हात, खाली मोकळं असेल तर आई कुणाला हाक न मारता उठेल. बाजूला ९० बाय १२० सेंमी सपाट फरशी सोडा. व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीला शेजारीच बसता येईल.

मुलांच्या गप्पांना कट्टा पुरे. ज्येष्ठांच्या वाटेवर बाकच घ्या.