एम.ए. मानसशास्त्र: आपल्याकडचं क्लिनिकल की दिल्लीचं सायकोसोशल?

बी.ए.ला मानसशास्त्र, जोडीला समाजशास्त्राची ओढ आणि आता एम.ए. कुठून करायचं यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातलं क्लिनिकलचं, म्हणजे मानसिक आजारांचं निदान-उपचार शिकवणारं, नेहमीचं एम.ए., नाहीतर दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातलं, मन आणि समाज एकत्र अभ्यासणारं सायकोसोशल क्लिनिकल स्टडीज. पहिल्या ठिकाणी प्रवेश घेऊन काही काळ वर्गात बसलोही, मग दिल्ली गाठली. तेव्हा माझा कल उघडच आहे. तुमची गरज वेगळी असू शकते.

आधी नोकरीचं बोलू, घरचे तेच विचारतात. नेट-सेट काढून कॉलेजात शिकवायचं असेल तर नेहमीचं एम.ए. सोयीचं. संख्याशास्त्र, मेंदूचं कार्य, चाचण्या, सगळं नेटच्या अभ्यासक्रमाशी जुळतं. दिल्लीहून आलेल्याला यातलं बरंचसं स्वतः बसून करावं लागतं. मी केलं, कुरकुरत केलं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून नोंदणी हवी असेल तर मात्र दोन्हीकडचं नुसतं एम.ए. अपुरंच, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम लागतो. पदवीच्या नावात क्लिनिकल आहे म्हणजे दवाखान्याची पाटी लावता येईल, अशा समजुतीत प्रवेश घेणारे अजूनही भेटतात.

मला महाराष्ट्रातल्या वर्गातून उठवलं ते प्रात्यक्षिकाच्या जर्नलने. ‘सब्जेक्ट’, म्हणजे चाचणी देणारा माणूस, आणायचा, सूचना वाचून दाखवायच्या, चाचणी सोडवून घ्यायची, गुण मोजायचे, मॅन्युअलमधल्या नॉर्मशी, म्हणजे इतरांच्या सर्वसाधारण गुणांशी, ताडायचे आणि निष्कर्ष लिहायचा. पहिल्या पानावर वैयक्तिक माहिती: वय, शिक्षण, धर्म, जात, कुटुंबाचं उत्पन्न. हे रकाने काटेकोर भरून घ्यायचे आणि पुढच्या एकाही पानावर त्यांचं नाव काढायचं नाही. बेकची नैराश्याची प्रश्नावली घ्या. अमेरिकेत १९६१ साली आलेली, २१ प्रश्नांची. त्यात एक प्रश्न अपराधीपणाचा आहे. माझा सब्जेक्ट शेतकऱ्याचा मुलगा होता. त्या प्रश्नावर तो थांबला आणि बापाच्या पीककर्जाबद्दल, ते थकलेलं असताना आपण शहरात शिकतोय याबद्दल बराच वेळ बोलला. त्या सगळ्याचे माझ्या तक्त्यात झाले दोन गुण. चर्चेत कर्जावर एक परिच्छेद लिहिला, तर जर्नल परत आलं आणि समासात लाल शाईत शेरा: विषयांतर.

चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. जाणत्या माणसाच्या हातात ती उपयोगाचीच आहे. सगळ्याच विद्यापीठांत असे शेरे मारत असतील असंही नाही. पण कर्ज हे मनाच्या अभ्यासात विषयांतर ठरत असेल, तर तिथे दोन वर्षं काढायची माझी तयारी नव्हती.

दिल्लीत त्याच परिच्छेदावर अख्खा तास गेला असता. नकळत मनात दडलेलं शोधणारे फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट हे मनोविश्लेषक तिथेही आहेत, आणि भरपूर आहेत. पण त्यांच्या शेजारी फॅनॉन बसतो. अल्जीरियातल्या ब्लिडाच्या इस्पितळात १९५३ पासून मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना, वसाहतीची सत्ता माणसाच्या मनात काय करते हे त्याने रुग्णांत पाहिलं. समाज आणि मन यांवर लिहिणारे आशिस नंदी येतात, मनोविश्लेषक सुधीर कक्कर येतात. १९२२ साली कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढून फ्रॉइडशी पत्रातून मतभेद मांडणारे गिरींद्रशेखर बोस येतात. अपमान या अनुभवावर लिहिणारे आपले गोपाळ गुरू मी पहिल्यांदा नीट वाचले ते दिल्लीत, याची जरा गंमतच वाटते. जातीतून आलेला अपमान मनात कुठे साठतो, समोर बसलेल्या थेरपिस्टची जात त्यात काय करते, हे प्रश्न तिथे अभ्यासाच्या आतले आहेत. विद्यापीठाचं ‘एहसास’ नावाचं उपचार केंद्रही आहे. खासगी थेरपिस्टची फी न परवडणाऱ्यांचा तिथे विचार केलेला आहे, त्यामुळे ही चर्चा नुसती पुस्तकी राहत नाही.

तरी हे सगळ्यांना मानवेलच असं नाही. वाचन डोंगराएवढं, तेही इंग्रजीत. स्वतःच्या घराबद्दल, रागाबद्दल, भीतीबद्दल लिहावं लागतं. काहींना ते फार उघडं पडल्यासारखं वाटतं. ज्याला स्पष्ट रोगनिदान आणि आकडा हवा, त्याची तिथे चिडचिड होईल. माझा एक मित्र नेहमीच्या अभ्यासक्रमातच टिकला. आज तो चाचण्या माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने घेतो आणि त्यात खूश आहे.

खरी अडचण जागांची. दिल्लीत ८५ टक्के जागा दिल्लीतूनच पदवी घेतलेल्यांसाठी राखीव, बाहेरच्यांना उरतात १५. म्हणून अर्ज दोन्हीकडे भरा. नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. आणि इथल्या विद्यापीठात फी भरण्याआधी, दिल्लीच्या यादीत नाव आलं तर ती परत मिळते का आणि कुठल्या तारखेपर्यंत, एवढं कार्यालयात विचारून ठेवा.